रापण आणि यारूफ

शारजा हे नाव आपल्याकडे क्रिकेटमुळे घरोघरी पोचले. १९९८ च्या एप्रिल महिन्यात सचिन तेंडुलकरने तेथे लागोपाठच्या दोन सामन्यांत शतके केली. त्यांतल्या एका सामन्यात तर वाळूचे वादळ आले होते. पण शारजा हे काही केवळ क्रिकेटचे गाव नाही. संयुक्त अरब अमिराती या देशातील ते एक जुने बंदर आहे. तेथे क्रिकेट पोचण्याच्या कितीतरी आधीपासून लोक समुद्रावर जगत होते. कोणी मासे पकडत, कोणी समुद्रात बुडी मारून मोत्यांचे शिंपले काढत, तर कोणी लाकडी जहाजांतून खजूर भरून थेट आपल्या मुंबईपर्यंत येत.

या शारजात अल मजाज नावाचा एक भाग आहे. तेथे खालिद सरोवर आहे. सरोवर म्हटले, तरी त्याचे पाणी खारे आहे आणि ते खाडीवाटे समुद्राला मिळते. सरोवराच्या काठाने आज फरसबंद रस्ता आहे, बागा आहेत, रंगीत दिव्यांची कारंजी आहेत आणि मागे उंच उंच इमारती आहेत. संध्याकाळी तेथे फिरायला येणाऱ्या माणसांत मराठी बोलणारी कुटुंबेही असतात, कारण नोकरीधंद्यासाठी आपल्याकडचे पुष्कळ लोक त्या देशात राहतात. जवळच अल खान हा जुना मासेमारांचा भाग आहे. तेथे शारजाचे सागरी संग्रहालय आहे. लाकडी जहाजे, मासेमारीची साधने आणि मोती काढणाऱ्यांच्या वस्तू त्यात मांडलेल्या आहेत.

आता एक गंमत पाहा. मालवण किंवा वेंगुर्ल्याचा एखादा मुलगा त्या देशातल्या जुन्या मासेमारीची माहिती ऐकू लागला, तर एका ठिकाणी तो चटकन म्हणेल, "अरे, ही तर आपली रापण!" तिकडे त्या जाळ्याला यारूफ म्हणतात. काही लोक दघवा असेही म्हणतात. नाव निराळे, भाषा निराळी, पण रीत जवळजवळ तीच.

रापण म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर ओढून घ्यायच्या मोठ्या जाळ्याला रापण म्हणतात. गोव्यात रापण ओढणाऱ्यांना रापणकार म्हणतात. हे जाळे खूप लांब असते. अर्धा किलोमीटर, कधी त्याहूनही जास्त. एवढे मोठे जाळे एका घराला परवडत नाही. म्हणून गावातील पुष्कळ घरे आपापला जाळ्याचा तुकडा घालतात आणि ते तुकडे एकमेकांना जोडून एक रापण तयार होते. ती कोणा एकाची नसते, ती संघाची असते. कोणाचा तुकडा फाटला, तर तो त्याने दुरुस्त करायचा. पण मासे मात्र सगळ्यांचे.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मग हळूहळू कामाला सुरुवात होते. समुद्र शांत झाला, की रापणीचे खरे दिवस येतात.

एखादा जुना जाणता माणूस उंच जागी उभा राहून पाण्याकडे बघत असतो. पाण्यावर एखादा काळसर पट्टा सरकताना दिसला, तिथे पाणी खळबळले किंवा पक्षी वरून सूर मारू लागले, की तो ओळखतो: माशांचा थवा आला. बांगडे, तारल्या, पेडवे हे मासे असे थव्याने किनाऱ्याजवळ येतात. आपल्यासारख्यांना तिथे नुसते पाणीच दिसेल. त्या माणसाला मात्र त्या पट्ट्याच्या रंगावरून आणि चालीवरून मासा कोणता, हेही बऱ्याच वेळा सांगता येते. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. बापाच्या शेजारी उभे राहून मुलगा ती शिकतो.

इशारा मिळताच होडी पाण्यात लोटतात. जाळ्याच्या एका टोकाला लांब दोर बांधलेला असतो. त्या दोराचे टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती राहते. होडी समुद्रात जाते, थोड्या अंतरावर वळते, आणि थव्याला वळसा घालत घालत जाळे पाण्यात सोडते. मग दुसरा दोर घेऊन ती किनाऱ्यावर परत येते, पण निघाली होती त्या जागी नव्हे, दूर दुसऱ्या जागी. वाळूवर उभे राहून पाहिले, तर समुद्रात एक मोठी चंद्रकोर उमटलेली दिसते. कोरीची दोन्ही टोके वाळूकडे असतात.

आता तुम्हांला एक प्रश्न. जाळे तर पाण्यात उभे आहे. मग मासे त्याच्या खालून किंवा वरून निसटून का जात नाहीत?

याचे उत्तर जाळ्याच्या दोन कडांत आहे. वरच्या कडेला तरंगणारे तुकडे बांधलेले असतात. पूर्वी ते हलक्या लाकडाचे असत, आता प्लॅस्टिकचे असतात. खालच्या कडेला वजने असतात. त्यामुळे वरची कड पाण्यावर तरंगते, खालची कड तळाशी टेकते आणि मधले जाळे भिंतीसारखे उभे राहते. ओढताना खालची कड वाळूवरून घासत येते. म्हणून खाली फट राहत नाही. तळाशी खडक असेल, तर मात्र हे साधत नाही. जाळे अडकते आणि फाटते. म्हणजे रापणीला सपाट वाळूचा किनारा हवा आणि तळही वाळूचाच हवा. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

दोन्ही दोरांवर माणसे लागतात. दहा-वीस नव्हे, कधी पन्नास-साठ. पुरुष, बायका, म्हातारे, शाळेत जाण्यापूर्वी आलेली मुलेसुद्धा. सगळे एका तालात ओढतात. कोणीतरी आवाज देतो, बाकीचे साथ देतात. ओढता ओढता दोन्ही बाजूंची माणसे वाळूवरून एकमेकांकडे सरकत येतात आणि चंद्रकोर लहान लहान होत जाते. शेवटी जाळ्याचा मधला, बारीक विणीचा, पिशवीसारखा भाग किनाऱ्याला लागतो. त्यात मासे चांदीसारखे चमकत असतात. कधी पिशवी इतकी भरते, की ती ओढवत नाही. कधी एवढी सगळी खटपट करून चार खेकडे आणि थोडे शेवाळ हाती येते. समुद्राचे असेच आहे.

मग वाटण्या होतात. जाळ्याच्या तुकड्यांचा वाटा, होडीचा वाटा, वल्ही मारणाऱ्यांचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. वाटसरू म्हणून सहज आलेल्या माणसाने जरी दोराला हात लावला, तरी त्याला थोडी मासळी देण्याची रीत आहे. मला रापणीतली ही गोष्ट सर्वांत आवडते. ज्याच्या घरात कमावते कोणी नाही, तोही सकाळी किनाऱ्यावर गेला, दोर ओढला, तर त्याच्या घरी दुपारी कालवण शिजते.

आता पुन्हा अरब देशाकडे जाऊ.

अमिरातीला दोन बाजूंना समुद्र आहे. एका बाजूला आखात आणि दुसऱ्या बाजूला ओमानचा उपसागर. शारजा शहर आखातावर आहे. पण शारजाच्या अमलाखालची खोर फक्कान आणि कल्बा ही गावे दुसऱ्या किनाऱ्यावर आहेत. त्या बाजूला वाळूचे लांब किनारे आहेत आणि हिवाळ्याच्या दिवसांत तारलीसारख्या लहान माशांचे थवे काठाजवळ येतात. तिकडे या माशाला ऊमा म्हणतात. यारूफ टाकायची ती मुख्यतः याच माशांसाठी. होडी वळसा घालते, जाळे सोडते, दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसे ओढू लागतात. सगळे आपल्यासारखेच.

फरक आहे तो माशांचे पुढे काय करायचे, यात. आपल्याकडे तारली बाजारात जाते किंवा मीठ लावून सुकवली जाते. तिकडे ऊमा वाळूवर पसरून उन्हात वाळवत. त्यातला पुष्कळसा भाग माणसांच्या खाण्यासाठी नसे. तो गुरांना आणि उंटांना चारत, आणि खजुराच्या झाडांना खत म्हणून घालत. वाळवंटात चारा थोडा. तेव्हा समुद्रानेच जनावरांना चारा पुरवला, असे म्हणायला हरकत नाही.

खजुराचे झाड तिकडच्या मासेमारांचे मोठे मित्र होते. आपल्या कोकणात नारळ जसा, तसा तिकडे खजूर. त्याच्या झावळ्यांच्या देठांची एक छोटी होडी करत. तिला शाशा म्हणतात. ती आतून पोकळ नसते. देठ एकमेकांना घट्ट बांधून तयार केलेली असते. पाणी आत आले तरी ती बुडत नाही, तरंगतच राहते. खजुराच्याच झावळ्यांपासून घुमटाच्या आकाराची एक टोपली विणत. तिला गरगूर म्हणतात. टोपलीला नरसाळ्यासारखे तोंड असते. आमिषाच्या वासाने मासा आत शिरतो. पण तोंड आतल्या बाजूला निमुळते असल्यामुळे त्याला बाहेर पडता येत नाही. पुढे गरगूर लोखंडी तारेचे होऊ लागले. तारेचे गरगूर टिकाऊ खरे, पण ते समुद्रात हरवले तर वाईट. झावळ्यांची टोपली पाण्यात कुजून जाई. तारेची टोपली मात्र मालक नसतानाही कित्येक दिवस मासे पकडत राहते, आणि ते मासे कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. नायलॉनच्या हरवलेल्या जाळ्यांचेही तसेच आहे. आपल्याकडे पूर्वी सुती आणि तागाची जाळी असत. ती लवकर कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. त्यामुळे त्यांना तांबूस रंग येई. नायलॉन आल्यावर ते काम सुटले, आणि जाळे कुजण्याची भीतीही गेली. पण न कुजणारी वस्तू समुद्रात सुटली, तर ती तिथेच राहते.

१९६२ साली अबू धाबीतून खनिज तेल परदेशी जाऊ लागले आणि त्या प्रदेशाचे दिवस पालटले. २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिराती हा देश स्थापन झाला. रस्ते आले, बंदरे आली, शाळा, दवाखाने आले. मुले शिकून कचेऱ्यांत काम करू लागली. रात्री-अपरात्री उठून दोर ओढायला कोण जाणार? आता मासेमारी होड्यांवर काम करणाऱ्यांत भारत आणि बांगलादेशातून गेलेले पुष्कळ लोक असतात. काही ठिकाणी तर यारूफचा दोर माणसे ओढतच नाहीत. तो मोटारगाडीला बांधतात आणि गाडी वाळूवरून पुढे नेतात. काम झटपट होते. पण पन्नास माणसांचे काम एका गाडीने केले, म्हणजे पन्नास वाट्यांचे काय झाले, याचाही विचार मनात येतो.

आणि किनारा? रापणीला सपाट वाळू लागते, हे तुम्ही लक्षात ठेवले आहे ना? जिथे काठ दगडांनी बांधला, भराव टाकला, इमारती उभ्या केल्या, तिथे जाळे ओढायला जागाच उरत नाही. अल मजाजच्या फरसबंद काठावर आज कोणी यारूफ टाकू म्हणेल, तर टाकता येणार नाही.

आपल्या किनाऱ्यावरही बदल झाले. गोव्यात यांत्रिक ट्रॉलर आले. ट्रॉलर म्हणजे तळावरून जाळे फरफटत नेणारी मोठी बोट. काही ट्रॉलर किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन मासे पकडू लागले, तेव्हा रापणकारांच्या जाळ्यात मासे येईनात. १९७० च्या दशकात रापणकारांनी मोठे आंदोलन केले. मथानी साल्ढाणा नावाचे एक शिक्षक त्यांचे पुढारी होते. पुढे १९८० साली गोव्यात आणि १९८१ साली महाराष्ट्रात समुद्रातील मासेमारीचे नियम करणारे कायदे झाले. किनाऱ्याजवळचे पाणी लहान मासेमारांसाठी राखून ठेवावे, हा त्यामागचा एक हेतू होता. त्यानंतर पर्ससीन जाळी आली. जुन्या काळच्या कशाच्या पिशवीला दोरी ओढून तोंड बंद करत, तसे हे जाळे अख्ख्या थव्याला वेढते आणि खालून बंद होते. थवा किनाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच उचलला जातो. यावरून मालवण भागात पुष्कळ तंटे झाले. २०१६ च्या फेब्रुवारी महिन्यात महाराष्ट्र सरकारने पर्ससीन मासेमारीवर बंधने घातली. तंटा पूर्ण मिटला, असे मात्र म्हणता येत नाही. पर्ससीनवाल्यांच्याही घरी चूल पेटायची असते आणि त्यांच्या डोक्यावर बोटीचे कर्ज असते.

ज्या रीती अशा मागे पडत चालल्या आहेत, त्यांची आठवण कशी ठेवायची?

इथे चित्रकार आणि छायाचित्रकार मदतीला येतात. शारजात कलेला मोठा मान आहे. १९९३ पासून तेथे दर दोन वर्षांनी देशोदेशींच्या कलाकारांचे मोठे प्रदर्शन भरवण्याची पद्धत सुरू झाली. आजकाल अनेक कलाकार नुसती सुंदर चित्रे काढून थांबत नाहीत. ते एखादी जुनी रीत निवडतात, ती जाणणाऱ्या माणसांबरोबर राहतात, आणि जे पाहिले, ऐकले, ते जसेच्या तसे लोकांपुढे मांडतात. अशा मांडणीला दस्तऐवजी प्रदर्शन म्हणतात. दस्तऐवज म्हणजे पुरावा म्हणून जपून ठेवलेला कागद. इथे कागदाच्या जागी छायाचित्र असते, आवाज असतो, जाळ्याचा तुकडा असतो.

समजा, एखाद्या कलाकाराला यारूफचे किंवा रापणीचे असे प्रदर्शन करायचे आहे. पहाटे जाऊन एक फोटो काढला, की काम झाले, असे होत नाही. माशांनी भरलेल्या जाळ्याचा फोटो कोणीही काढील. रिकाम्या जाळ्याचाही काढायला हवा. दोर ओढणाऱ्या हातांचे घट्टे जवळून टिपायला हवेत. होडी कुठून निघाली, कुठे वळली, याचा नकाशा काढायला हवा. ओढतानाचा आवाज मुद्रित करायला हवा. कारण फोटोत तो ऐकू येत नाही. वाटे कसे घातले, ते मोजून लिहून ठेवायला हवे. आणि म्हाताऱ्या माणसांना विचारायला हवे. त्यांचे शब्द बदलायचे नाहीत. मालवणी माणूस ज्या शब्दाने जाळ्याचा भाग सांगतो, तोच शब्द चित्राखाली लिहायचा. शब्द गेला, की ती वस्तूही हळूहळू नजरेआड होते.

आपल्याकडे असे काम करणारे एक शिल्पकार आहेत. त्यांचे नाव पराग तांडेल. ते ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले आहेत. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, तेव्हा आडनावातच समुद्र आला! त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कादंबरी यांनी कोळी समाजाच्या वस्तू, आठवणी आणि खाण्यापिण्याच्या रीती यांचा संग्रह करण्याचे काम हाती घेतले. ठाण्याच्या खाडीत पूर्वी मासे भरपूर मिळत. कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी खाडीत येऊ लागले, तसे मासे कमी झाले. कोळीवाड्याच्या चहूबाजूंनी शहर वाढले. अशा ठिकाणी जन्मलेल्या माणसाला आपल्या आजोबांचे जाळे ही शोभेची वस्तू वाटत नाही.

तुमचे गाव समुद्रकाठी असेल किंवा नदीकाठी, तर असे छोटे प्रदर्शन तुम्हांला शाळेत भरवता येईल. त्याला महाग कॅमेरा लागत नाही. वही, पेन्सिल आणि दोन-तीन पहाटे एवढे पुरे. कोळीकाका जाळे विणताना दिसले, तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. जाळ्याच्या एका डोळ्यातून हाताची किती बोटे जातात? कोणत्या माशासाठी कोणता डोळा? तुमच्या लहानपणी दोर कशाचा असे? जाळ्याच्या या भागाला काय म्हणता, आणि त्याला? अमावास्येला मासा जास्त मिळतो, की पौर्णिमेला? उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. एकाच प्रश्नाची दोन माणसे दोन उत्तरे देतील. दोन्ही लिहा. समुद्रावर दोघांचे अनुभव निराळे असतात.

त्यांच्या हातातली सुईही नीट पाहा. जाळे विणायची सुई कपडे शिवायच्या सुईसारखी नसते. ती चपटी असते, लाकडाची, बांबूची किंवा प्लॅस्टिकची. तिच्या पोटात एक जीभ असते आणि त्या जिभेभोवती दोरा गुंडाळलेला असतो. मालवणात ती अशी असते आणि आखाताच्या किनाऱ्यावरही अशीच असते. या दोन किनाऱ्यांमध्ये कोणी कोणाला ती शिकवली, की दोघांना आपापली सुचली, कोणास ठाऊक. कोळीकाकांनी परवानगी दिली, तर सुई हातात घेऊन एक गाठ मारून बघा. पहिली गाठ सुटेल. दुसरीही बहुतेक सुटेल. मग ते तुमचे बोट धरून दोरा कुठून न्यायचा, ते दाखवतील. ती गाठ एका पुठ्ठ्यावर चिकटवा, खाली तिचे नाव लिहा, आणि शिकवणाऱ्याचेही.